दोन खाटा, एक जागा

रोव्हिगो, इटली
रविवार, २९ ऑगस्ट २००४

कातिंका,

लोणच्याच्या बरणीला मी सपाता घालू का आता? सांग ना! सकाळपासून पार्किंगमध्ये उभी होते. एका हातात तुझ्या घरात घालायच्या सपाता, दुसऱ्या हातात इदाबाईच्या घराची किल्ली, पायाशी माझी बांधलेली बॅग. व्हॅनचं दार उघडलं. बायका उतरल्या, पोती उतरली, कुणाचं तरी जिवंत कोंबडं उतरलं. तू काही उतरली नाहीस. तुझ्याऐवजी काकडीच्या लोणच्याची बरणी उतरली, आणि तिला चिकटवलेली चिठ्ठी: ‘वन्सं, या खेपेला जमत नाही, पुढच्या आठवड्यात बघते.’ काय बघतेस? आकाशात ढग बघतेस?

दोन वर्षं आपण इदाबाईला सांभाळायची ही जागा राखली. तीन महिने मी, तीन महिने तू. आपली भेट काय ती या पार्किंगमध्ये, अर्धा तास. मी तुला किल्ली देते, तू मला आईचा निरोप देतेस, आणि व्हॅन सुटते. ठरलं होतं की आलुबुखार पिकले की तू येशील आणि यंदाचा मुरंबा मी घालीन. मुरंबा गेला चुलीत. पण पासपोर्टावरचा तीन महिन्यांचा शिक्का? तो सप्टेंबरअखेर संपतो. त्याच्या आत मी सीमेपार गेले नाही तर पुढची काही वर्षं मला आत घेणार नाहीत. मग जागा तुझी नाही आणि माझीही नाही. पार्किंगमध्ये दहा जणी टपून बसल्यात. एका जागेसाठी महिन्याचा पगार दलालाच्या हातावर ठेवायला तयार आहेत.

इदाबाई मला विचारते, ‘ती दुसरी कुठाय? ती मऊ?’ म्हणजे मी कोण, खडबडीत? तिच्या लेकाला, त्या लिव्हियोला, मी काय सांगू?

गावच्या पोस्टात फोन केला, तर तिथली बाई म्हणते, ‘तुझी आई मळ्यात गेलीय.’ मागच्या वेळी पण मळ्यातच होती. पंच्याहत्तरीची बाई मळ्यात राहायला गेलीय का?

आणि अक्रोड. आईच्या हातचे अक्रोड कधी तुकडे होऊन आले नाहीत. प्रत्येक अर्धुक अख्खं निघालं पाहिजे, नाहीतर ती कोंबड्यांना टाकते. या खेपेला सगळा चुरा. अख्खे तू खाल्लेस आणि चुरा मला पाठवलास, असं मी समजते.

पुढच्या रविवारी ये.

प्रोफिरा


पोयेनी
गुरुवार, २ सप्टेंबर २००४

वन्सं,

तुमचं पत्र व्हॅनवाल्या तुदोझेने गाडीतून उतरता उतरता दिलं आणि म्हणाला, ‘जपून उघड, गरम आहे.’ खरंच होतं.

रागावू नका. या रविवारीही जमणार नाही. आलुबुखार एकदम पिकले, माणूस मिळत नाही, गावात उरलंय कोण? म्हातारे आणि मांजरं. मुरंबा मी घातला, एक बरणी पाठवते. गोड कमी झालाय, तुम्ही बोलणारच आहात, म्हणून आधीच सांगून ठेवते. अक्रोड मी फोडले. आईंनी फोडले नाहीत. माझा हात तसा नाही.

एक विचारायचं होतं. शेजारच्या रारित्साच्या सासूला झटका आलाय. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही, पाणी पाजलं की ठसका लागतो, निळी पडते. दवाखान्याने आठवड्यात घरी पाठवली. रारित्सा घाबरून माझ्याकडे येते. इदाबाई तर चालतात, खातात, चमचे मोजतात, त्यामुळे मला हे काही माहीत नाही. पण तुम्ही आधी त्या वृद्धाश्रमात होतात. तिला पाणी कसं पाजायचं? आणि कूस कशी बदलायची? लवकर लिहा, वन्सं. म्हणजे रारित्सासाठी.

आई तुमची आठवण काढतात.

तुमची कातिंका


रोव्हिगो
रविवार, ५ सप्टेंबर

कातिंका,

मुरंबा आंबट आहे.

रारित्साला सांग, पाणी साधं पाजायचंच नाही. साधं पाणी पळतं, घसा त्याला पकडू शकत नाही. मक्याचं बारीक पीठ शिजवून पाणी खिरीसारखं घट्ट करायचं आणि चमच्याने द्यायचं. आधी म्हातारीला ताठ बसवायची. हनुवटी खाली, छातीकडे. घास चांगल्या बाजूच्या गालात ठेवायचा. गिळला का ते बघायचं, गळ्यावर बोट ठेवून. मगच दुसरा. घाई केली तर मारशील तिला. कूस बदलताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचांखाली काही नको, टाचा हवेत राहिल्या पाहिजेत. दिवसभर बदलत राहायचं. पाठ लाल दिसली तर त्या बाजूला झोपवायचंच नाही.

हे सगळं मी त्या वृद्धाश्रमात शिकले, आणि मला कुणी शिकवलं नाही. तिथे एक इटालियन बाई होती, तिचा आणि माझा झगा एकाच रंगाचा. ती एका टोकाला धरायची, मी दुसऱ्या टोकाला, आणि मधे तोच म्हातारा. पण ती आश्रमाची आणि मी ठेकेदाराची. त्यामुळे तिचा पगार माझ्या जवळजवळ दुप्पट. म्हातारा काय अर्धाअर्धा जड होता?

म्हणून रारित्साला सांग, असं काम फुकट कुणी करत नाही. आणि तूही तिकडे रोज जाऊन फुकट हात घासू नकोस. या कामाला दाम आहे. त्या म्हातारीला मुलगी आहे ना? ती कुठे उलथलीय? आई लोळागोळा होऊन पडलीय आणि ही कुठेतरी मजा मारतेय. अशा मुलींना मी काय म्हणते ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

आज एक गंमत झाली. पार्किंगमध्ये एक चष्मेवाली पोरगी आली, कागदं घेऊन. कामगारांच्या कसल्यातरी कार्यालयाकडून. आम्हा सगळ्यांची मोजदाद करतेय म्हणे. वय किती, शाळा किती, कुठल्या गावच्या, पगार किती, दिवसाचे किती तास काम. तास विचारल्यावर सगळ्या हसायला लागल्या. मी म्हणाले, बाई, घड्याळात जेवढे असतात तेवढे लिही.

मग मी पण तिच्या मागे उभी राहून ऐकत राहिले, आणि तुला सांगते कातिंका, माझा ऊर भरून आला. तिशीच्या आतली एक सापडली नाही त्यांच्यात. सगळ्या आपल्या वयाच्या, गुडघे गेलेल्या, नातवंडं झालेल्या. एक बाई सूतगिरणीत मुकादम होती, गिरणी बंद पडली. एक ट्रॅक्टर चालवायची. ती युक्रेनची ल्युबोव्ह, ती तर दाई होती, आयुष्यभर पोरं बाहेर काढली आणि आता म्हाताऱ्यांना पोहोचवते. म्हणते, दोन्ही दारं मीच राखली. आणि पगार? नवी आली, बोलता येत नाही, तिला सगळ्यात कमी. कागदपत्रं असली तर थोडं बरं. कागदपत्रं नसली तर मालक देईल ते. पण एकीनेही रडगाणं लावलं नाही. ज्या देशातले तरुण स्वतःच्या बापाचं अंथरूण बदलत नाहीत, तो देश या बायकांनी उचलून धरलाय. मला तर वाटलं, टोप्या काढायला लावाव्यात सगळ्या रस्त्याला.

शेवटी पोरीने विचारलं, ‘आणि तुमच्या घरी तुमच्या म्हाताऱ्यांना कोण बघतं?’ मी म्हणाले, माझ्या आईला? अगं, माझी आईच अख्ख्या गल्लीला बघते. बैलासारखी आहे. पोरीने काहीतरी लिहिलं.

ये आता. शिक्का थांबत नाही.

प्रोफिरा


पोयेनी
गुरुवार, ९ सप्टेंबर

वन्सं,

पीठ घालून पाणी दिलं आणि पहिल्यांदा ठसका लागला नाही. पूर्ण वाटी प्यायली. मी ओसरीवर जाऊन रडले. रारित्सापण रडली. तुमचे उपकार.

तुम्ही रागवाल, पण मला अजून निघता येत नाही. जागा जाऊ नये म्हणून एक सुचवते. आपल्या गावच्या एखाद्या बाईला एका पाळीपुरती जागा उधार दिली तर? किंवा तुम्हीच थोड्या जास्त राहा. तुदोझे म्हणतो सीमेवरच्या माणसाच्या हातावर काही ठेवलं की तो शिक्क्याकडे बघत नाही.

आणि वन्सं, त्या म्हातारीच्या मुलीबद्दल तसं लिहू नका. ती पोटासाठीच बाहेर गेलीय. तिला कळवलंच नाहीये कुणी. म्हातारीलाच नकोय. मुलीचं नाव काढलं की ती चांगल्या हाताने माझी बाही पकडते आणि मान हलवते, नाही, नाही. बोलता येत नाही, पण डोळे वटारता येतात. तुम्हाला माहीतच आहे, काही बायका झटक्यानेही मऊ होत नाहीत.

अजून एक. तिला उभी कशी करायची? म्हणजे करायचीच असेल तर?

कातिंका


रोव्हिगो
रविवार, १२ सप्टेंबर

कातिंका,

आज तुदोझे गाडीतून पिशव्या काढता काढता मला म्हणाला, ‘प्रोफिरा, मागच्या आठवड्याचे डायपर लहान पडले ना? तुझ्या आईचं हाड मोठं. बाकाऊच्या दुकानात मोठे आलेत, पुढच्या फेरीला तेच टाकतो. पैसे तू देणार की तुझी भावजय?’

मी म्हणाले, कुणाच्या आईचं हाड?

त्याने टोपी काढली. मग पुन्हा घातली. म्हणाला, ‘मी काही बोललो नाही.’

मी त्याच्या कोटाची कॉलर धरली. सगळं बाहेर काढलं त्याच्यातून. जुलैपासून. कुदळ हातात घेऊन बटाट्यांच्या वाफ्यात पडली. जुलैपासून! म्हणजे पोस्टातली बाई खोटं बोलली, रारित्साने आपल्या धडधाकट सासूचं नाव उसनं दिलं, तुदोझे दर आठवड्याला माझ्यासमोर उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारत होता. अख्खं गाव एका तोंडाने खोटं बोललं. त्या गावात दोन माणसांचं चर्चच्या घंटेवरून एकमत होत नाही.

मी लिहिलं होतं की मुलगी कुठे उलथलीय.

मला खरं लिही. गोड नको. ती जेवते किती, पाठ कशी आहे, मला ओळखेल का. आणि तू का लपवलंस ते. उभी करायचं विचारलंस, ते मागे लिहिलंय, आधी ते वाच, मग बाकीचं.

प्रोफिरा

मागे: तिच्या समोर उभी राहा, बाजूला नाही. तुझ्या गुडघ्यांनी तिचा लुळा गुडघा समोरून अडव. तिचे हात तुझ्या मानेत नकोत, मान मोडेल. कमरेला रुंद पट्टा बांध, तो धर. एक दोन तीन म्हणायचं नाही, ती घाबरते. तिच्याबरोबर पुढे मागे डोल, आणि तिसऱ्यांदा डोलताना ती स्वतःच उठेल. तिला उठू दे. तू उचलू नकोस.


पोयेनी
गुरुवार, १६ सप्टेंबर

वन्सं,

बरं झालं कळलं. मला खोटं लिहिता येत नाही, हाताला घाम येतो.

पाठ कोरडी आणि स्वच्छ आहे. एक लाल डाग होता कमरेवर, तुमच्या पत्रानंतर त्या बाजूला झोपवलं नाही, गेला. जेवतात. मामालिगा, मक्याचं पीठ मऊ घोटून, आणि घट्ट दही, कुस्करलेली भाजी. मीठ कमी झालं की थुंकतात. डॉक्टर एकदाच आला, बघून म्हणाला, वयच आहे. त्याला मी दारापर्यंत पोहोचवायलाही गेले नाही.

का लपवलं ते सांगते. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी मी म्हणाले, आई, वन्संना बोलावू? त्यांनी डाव्या हाताने माझी बाही फाडली, वन्सं, खरोखर फाडली. मला कळलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी इदाबाईंची किल्ली दारात टाकून निघाला असता. जागा गेली असती. मग माझ्या लेकीची शाळा, तुमच्या घराचं छप्पर, आईंची औषधं, सगळंच गेलं असतं. त्यांना ते माहीत होतं. आणि मला वाटलं, त्यांना एकदा उभी करू, मग कळवू. उभी बघितली असती तर तुम्ही कमी ओरडला असता.

काल उभ्या राहिल्या. तुमच्या पत्रातलं करून. डोललो, तिसऱ्यांदा उठल्या. खिडकीच्या कडेला धरून बाहेर बटाट्यांकडे बघितलं आणि इतक्या रागाने बघितलं की मला हसू आलं. निम्मे बटाटे मी काढलेच नाहीत ना.

पैशांचं तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते, मला काही नको. या पाळीची कमाई तुमची. सून सासूचं करते त्याचे पैसे घेत नाही. गाव माझ्या तोंडावर थुंकेल. तुमचा भाऊ इलारी आज असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं. आणि मी येऊही शकत नाही. त्या दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत. तुम्ही तिथे राहा, मी इथे राहते. शिक्क्याचं तुदोझे बघेल.

पिशवीत अक्रोड आहेत. चुरा माझा. पण तळाशी कागदात एक अख्खं अर्धुक आहे. ते आईंनी फोडलं, डाव्या हाताने. मी फक्त अक्रोड धरला होता. माझ्या अंगठ्यावर दोनदा हातोडी बसली.

कातिंका


रोव्हिगो
रविवार, १९ सप्टेंबर

कातिंका,

अर्धुक मी टेबलावर ठेवलं होतं, बघायला. इदाबाईने खाल्लं. मी वळेपर्यंत. म्हणाली, ‘चांगला आहे, म्हातारीला सांग अजून पाठव.’ मी तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘म्हणजे ती मऊ तिकडे होती. तरीच.’ मग तिने मोजलेले चमचे पुन्हा मोजले.

मी आधी जे लिहिलं ते लिहिलं. खोडत नाही. त्या मुलीबद्दल जे बोलले ते माझ्यावरच पडलं आणि मी ते उचललं. पुरे.

आता तुझं बोलणं. कातिंका, तुझं लग्न झालं तेव्हा मी आईला म्हणाले होते, ही बाहुली महिन्यात पळून जाईल. तू इलारीला पुरलंस, त्याच्या आईला पकडून ठेवलंस, आणि मला अर्धी दुनिया लांबून खोटं बोलून कामाला लावलंस. मी या धंद्यात किती बायका बघितल्या, वृद्धाश्रमात, घरांत, पार्किंगमध्ये. झटक्याच्या बाईला, डॉक्टर नाही, नर्स नाही, कागदावरचं वाचून, खाटेवरून खिडकीपर्यंत आणणारी मी एकही बघितली नाही. मी स्वतः केलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी ओरडले असते आणि ती माझ्यावर ओरडली असती आणि आम्ही दोघी तिथेच पडलो असतो. हे मी एकदाच लिहितेय, पुन्हा मागू नकोस.

आज ती चष्मेवाली पुन्हा आली होती. मी तिला गाठलं. म्हणाले, माझं उत्तर बदल. घरी म्हाताऱ्यांना कोण बघतं, तिथे लिही: कातिंका, वय चव्वेचाळीस, सून, पगार काही नाही. पोरगी म्हणाली, ‘मावशी, ती इथे काम करत नाही, तिला मोजायला रकाना नाही.’ मी म्हणाले, रकाना आख. ती हसली. मी हसले नाही. ल्युबोव्ह मागून आली, म्हणाली, माझी पण लिही, माझी बहीण. मग ती सूतगिरणीवाली आली, मग ट्रॅक्टरवाली. प्रत्येकीच्या मागे घरी एक बाई निघाली. सासू, जाऊ, मोठी मुलगी. पोरीने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. कागद पुरला नाही, कातिंका. आम्ही पार्किंग भरून होतो आणि आमच्या मागे अजून एक पार्किंग भरून बायका होत्या, ज्या कुणाला दिसत नाहीत. इदाबाईला मी उभी करते त्याचे पैसे, आणि माझ्या आईला तू उभी करतेस त्याचं पुण्य? पुण्याने डायपर येतात का? मोठ्या मापाचे?

म्हणून ऐक. ही एक जागा आहे. खाटा दोन आहेत, एक इथे, एक पोयेनीत. दोन्ही खाटांचं काम मिळून एक काम, आणि पगार त्या एका कामाचा. जी इथे असेल तिने पगार घ्यायचा आणि निम्मा व्हॅनने पाठवायचा, जी तिथे असेल तिला. जुलैपासून धरून. तुदोझेकडे या पत्राबरोबर पाकीट आहे, तुझ्या नावाचं. त्याला सांगितलंय, तिने परत दिलं तर तू परत आणू नकोस, नाहीतर या वेळी कॉलर नुसती धरणार नाही, फाडीन. गाव थुंकत असेल तर थुंकू दे. तेच गाव तीन महिने तुझ्यासाठी खोटं बोललं, आता खरं बोलायला काय जातंय?

आणि तू येणार. ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही म्हणतेस, तर माझ्या हातचं खाईल, मी तिची मुलगी आहे, थुंकली तर परत भरवीन. शिक्क्याला लाच द्यायची नाही. आज लाच दिली तर उद्या तोच माणूस दुप्पट मागेल, आणि मला हीच जागा अजून दहा वर्षं हवीय. तू तीन महिने वाकून काढलेत. इदाबाईकडे तुला बसायला मिळेल. ती चमचे मोजेल, तू पाय वर कर. मधले दिवस रारित्सा बसेल आईजवळ. फुकट नाही, तिचेही पैसे पाकिटात वेगळे बांधलेत, आणि तिला दाखव पट्टा कसा धरायचा. आईला सांग, प्रोफिरा येतेय आणि उरलेले बटाटे बघणार आहे. ती रागाने उठेल.

लिव्हियोला मी सांगितलंय की पुढच्या रविवारी मऊ येते. त्याने पगार वाढवायचं नाव काढलं नाही, पण दोघींच्या नावाने येण्याजाण्याचं भाडं देईन म्हणाला. मी म्हणाले, भाडं आत्ता घेते, पगाराचं ख्रिसमसला बोलू.

गुरुवारी तुदोझे तुझ्या दारात येईल. तो तुझ्याकडून एकच शब्द आणणार आहे, आणि त्याच्या गाडीत दोनच गोष्टी चालतील: तू आणि तुझी पिशवी, किंवा ‘नाही’ लिहिलेला कागद. ‘नाही’ आलं, तर रविवारी दुपारी मी इदाबाईची किल्ली लिव्हियोच्या हातात ठेवते आणि त्याच व्हॅनने घरी येते, कायमची. मग दोघी मिळून आईचे बटाटे काढू आणि बटाटेच खाऊ.

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये उभी आहे. तुझ्या सपाता हातात आहेत. बरणी पाठवलीस तर तुदोझेच्या तोंडावर फेकीन.

गुरुवारपर्यंत उत्तर दे.

प्रोफिरा